खमणीचा खडा

नवागाम, सुरत
होळीच्या आधीचा रविवार

प्रिय वैशाली,

पत्र बघून घाबरू नकोस. सगळे जिवंत आहेत, खमणीसुद्धा. फोन असताना ही बाई कागद कशाला काळे करत बसली, असं तुला वाटेल. पण तुझा फोन म्हणजे चावडीवरचा रेडिओ. तुझ्या सासूबाई तो स्पीकरवर लावतात, शेजारची सखुबाई येऊन बसते, आणि मग ‘जेवलीस का’ नि ‘ऊन फार आहे’ यापुढे आपली गाडी सरकत नाही. मला जे सांगायचंय ते तर सगळं लघवीबद्दल आहे. हसलीस ना? हस. दीपकभाऊ होळीला तुम्हा मायलेकींकडे गावी निघालेत, त्यांच्या पिशवीत फरसाणाच्या पुड्याखाली हे पाकीट सरकवतेय. एकटी असशील तेव्हा वाच.

तू नि तुझी लेक सासरी कळमनुरीला निघालात त्या दिवशी स्टेशनावर स्नेहाने आपल्या लाडक्या गिनीपिगची, खमणीची टोपली माझ्या हातात दिली आणि ‘मावशी, हिला एकटं वाटू देऊ नको’ असं बजावलं. मी मोठ्या तोंडाने हो म्हटलं. खरं सांगू, मनात म्हणत होते, हा बिनशेपटीचा उंदीर आता माझ्या गळ्यात पडला. योगेंद्रने तर रिक्षात बसल्या बसल्याच विचारलं, ही दूध कधी देणार? पण आठवड्यात तिने आम्हा दोघांनाही खिशात टाकलं. पिशवी खसखसली की लागली शिट्ट्या मारायला. योगेंद्र नवरा माझा, पण कामावरून आला की मला हाक मारायच्या आधी तिला हाक मारू लागला, यावरून समज.

आणि मग मी तिचे लाड सुरू केले. मंदिराबाहेर गाईंना घालायला हिरव्या पेंढ्या विकणाऱ्या बाया बसतात ना, त्यांच्याकडून रोज संध्याकाळी एक पेंढी आणायची. इथे त्याला रजको म्हणतात, आमच्याकडे लसूणघास. आम्ही खानदेशी माणसं, लसूणघास म्हणजे जनावराचं पक्वान्न हे आमच्या हाडात मुरलेलं. वडिलांची म्हैस त्यावरच पोसलेली. वर पालकाची देठं. खमणी गोल गोल होत चालली होती आणि मी शेजारणींना टोपली उघडून दाखवत होते. म्हटलं, स्नेहा बघेल तेव्हा ओळखणारसुद्धा नाही.

संक्रांत, इथली उत्तरायण, झाली, पतंगांचे दोरे अजून तारांवर लटकत होते, तेव्हा ती पाठ वाकवून कोपऱ्यात बसू लागली. अंगावरचे केस उभे. लघवी करताना अशी किंचाळायची की भिंतीपलीकडून विचारणा व्हायची. एक दिवस टोपलीतलं फडकं गुलाबी झालेलं दिसलं. रविवारी स्नेहाचा फोन आला, ‘मावशी, तिची शिट्टी ऐकव.’ मी फोनजवळ पिशवी खसखसवली. खमणीने भिंतीकडे तोंड फिरवलं. झोपलीय गं, असं सांगून मी फोन ठेवला आणि मला जेवण गेलं नाही. पोरीने आपली एकुलती एक जिवाची वस्तू माझ्याकडे ठेवलेली, आणि तीच माझ्या हातून जाणार की काय, या एका विचाराने मी अर्धी झाले.

आधी आम्ही एका मोठ्या दवाखान्यात गेलो. थंडगार खोली, सोफ्यावर आपल्याहून मोठाले कुत्रे. त्यांनी ऑपरेशन म्हटलं आणि असा आकडा सांगितला की मी खमणीला पदराखाली घेतलं आणि चपला घालून बाहेर आले. मग योगेंद्रच्या रिक्षा स्टँडवरच्या कुणीतरी जीवदयावाल्यांचा दवाखाना सांगितला. तिथे मांज्याने पंख कापलेली कबुतरं खोक्यांत भरलेली, दारात एक लंगडी गाय. तरुण डॉक्टर होता. त्याने सरळ सांगून टाकलं, बेन, असली जनावरं मी फारशी हाताळली नाहीत. मला त्याचं तेच आवडलं. त्याने कॉलेजातल्या आपल्या मॅडमना फोन लावला, एक्स-रेचा फोटो काढला. त्यात पांढरा ठिपका स्वच्छ दिसत होता. मूतखडा! पण अगदी खाली, दाराशी येऊन अडकलेला. मादी आहे आणि खडा बारीक आहे, म्हणून आपोआप पडेल अशी आशा आहे, म्हणाला. पडला नाही किंवा लघवी बंदच झाली, तर ताबडतोब घेऊन या. मग कापावं लागेल, आणि ते काम इथे होत नाही. म्हणजे परत तो सोफा आणि तो आकडा.

मग त्याने विचारलं, खायला काय देता? मी अभिमानाने सांगितलं, रोज ताजा रजको! त्याने कपाळाला हात लावला. त्यात म्हणे इतका चुना असतो की वाढत्या पिल्लाला ठीक, पण मोठ्या गिनीपिगच्या पोटात त्याचे खडे होतात. पालकही बंद. कामावरच्या सरलाबाईने सांगितलेला कुळथाचा काढा विचारला, तर म्हणाला, माणसांचं एकही औषध हिच्या तोंडाला लावू नका. मला इतकं वाईट वाटलं की रिक्षात बसून रडले. लाडाने दुखणं वाढवलं होतं मी.

पण रडून झाल्यावर कंबर कसली. डिंडोलीच्या तबेल्यात गेले आणि सुकं गवत मागितलं. तिथल्या बाईने गोणी भरून दिलं आणि पैसे म्हटल्यावर उलट माझ्यावरच चिडली. पाणी उकळून गार केलेलं, कारण आपल्या बोअरच्या पाण्याने घागरी कशा पांढऱ्या होतात तू बघितलंयस. काकडीची चकती, ढोबळी मिरचीचा तुकडा, सगळं ओलं ओलं. मेडिकलमधून सुईशिवायची पिचकारी आणली. दुखण्याचं औषध डॉक्टरने थेंब मोजून लिहून दिलं होतं. अंथरायला, आपण साड्यांना लेस लावतो त्या खात्यातल्याच पांढऱ्या चिंध्या, म्हणजे थेंबाचा रंग लगेच कळतो. डॉक्टरचं सांगणं एकच: पाणी पोटात गेलं पाहिजे आणि लघवी साचून राहता कामा नये. साचली की खडा.

दुपारचा डोस चुकवायचा नव्हता, म्हणून मी तिला लेसच्या रिकाम्या खोक्यात घालून खात्यात न्यायला लागले. वैशाली, तिथे काय झालं ते तुला दिसायला हवं होतं. तुला आठवतं ना आपलं? सकाळचा चहा झाला की घरी जाईपर्यंत ओठ ओले करायचे नाहीत. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमला कुलूप, आत साड्यांची खोकी. अगदीच राहवेना झालं तर एकमेकींना करंगळी दाखवायची आणि मान हलवून पुन्हा लेस लावायला बसायचं. तो शब्द तोंडातून काढायचीही चोरी. आणि आता त्याच बाया हॉलच्या या टोकाहून त्या टोकाला ओरडायला लागल्या, ‘केली का गं? किती केली? रंग कसाय?’ कुणी काकडी आणायची, कुणी पिचकारी धरायची. एकदा सरलाबाई मांडीवर खमणीला घेऊन पाणी पाजत होती. मध्येच हात थांबला तिचा. म्हणाली, ‘या जनावरले पानी पाजतस, आन आपन काब्रं नही पीतस व माय?’ तिच्या अहिराणीला तू नेहमी हसायचीस. पण आपण का पीत नाही, यावर त्या दिवशी कुणी हसलं नाही. सगळ्यांना तू आठवलीस. तापाने फणफणलेली, कंबर धरून लेस लावणारी तू, आणि किडनीपर्यंत गेलेलं तुझं ते इन्फेक्शन.

दोन-तीन दिवसांनी भर दुपारी खमणी अशी किंचाळली की मशीनं थांबली. मी खोक्यात हात घातला तर ती थरथरत होती. मला वाटलं, संपलं. आणि पांढऱ्या चिंधीवर, लालसर ओलाव्यात, ज्वारीच्या दाण्याएवढा खडा! वैशाली, आम्ही नाचलो गं. सरलाबाई त्या वयात नाचली. खमणीने मागोमाग मोठ्ठी लघवी केली, मग अंग झटकलं आणि माझ्या हातातली काकडी हिसकावून खाल्ली. मी तिला छातीशी धरून हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

गलका ऐकून शेठ केबिनमधून धावत आले. ‘आ शुं छे, बेन?’ मी खडा दाखवला. सरलाबाईने पदर खोचला आणि जे आजवर कुणी बोललं नव्हतं ते आपल्या मोडक्या गुजरातीत सांगून टाकलं: पाणी नाही प्यायलं, लघवी साचवली, की असं होतं. जनावराचं होतं तसं बाईचंही होतं. आमची एक काम सोडून गावी गेली त्याने. वरच्या बाथरूमचं कुलूप काढा. शेठ लाजून चूर झाले. खमणीकडे बघत म्हणाले, ‘होळी पछी जोईशुं.’ होळीनंतर बघू म्हणे! होळी झाल्यावर दिवाळी आली असती, हे आम्हालाही कळतं.

दुसऱ्या दिवशी कामाला बसायच्या आधी आम्ही सगळ्या जणी तांब्या तांब्या पाणी प्यायलो. घटाघटा. आणि थोड्या वेळाने एकेक करून उठलो आणि शेठच्या केबिनबाहेर ओळीने उभ्या राहिलो, कारण त्यांच्या केबिनला लागून त्यांचं स्वतःचं बाथरूम आहे. कुणी भांडलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. फक्त दारात उभं राहून नम्रपणे विचारायचं, शेठ, जाऊ का? एक बाहेर आली की दुसरी आत. एक व्यापारी माल बघायला आला होता, तो साडी हातात धरून बघतच राहिला. दुपारी जेवणानंतर पुन्हा तांब्या, पुन्हा ओळ. शेवटी शेठनी किल्ली काढून दिली आणि संध्याकाळ व्हायच्या आत खोकी खाली आली. आम्हीच उतरवली, आम्हीच फिनाइल टाकून घासलं. नळाला पाणी आहे, दाराला आतून कडी आहे. कुलूप भंगारात गेलं. आता खात्यात पाण्याचा माठ आहे आणि खमणी त्याच्या शेजारी खोक्यात बसून सुकं गवत चावते. डॉक्टरने परवा पुन्हा फोटो काढला, पोट स्वच्छ निघालं. शिट्ट्या तर अशा मारते की मशीनच्या वरताण. स्नेहाला एवढं नक्की वाचून दाखव.

आता पत्र का लिहिलं ते. जाताना तू म्हणाली होतीस, सुषमा, मला सुरतेचं काम नकोसं नाही झालं, पण डॉक्टरने लघवी रोखायची नाही म्हणून सांगितलंय आणि इथे रोखल्याशिवाय पोट भरत नाही. तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे. खिडकीजवळच्या तुझ्या जागेवर आम्ही कुणाला बसू दिलेलं नाही आणि शेठनाही तसं सांगितलंय. दीपकभाऊ सणाला माझ्याकडे जेवायला आले की आपल्या लेकीचा पाट कुठे मांडला असता ते बघत बसतात. होळी झाली की तिघं मिळून या. खोली मी झाडून ठेवते, शाळेत मी विचारून ठेवते. आणि वैशाली, निघाल्यापासून वाटेत भरपूर पाणी पी. पोटभर पी. इथे आपल्याला जायला जागा आहे.

वाट बघणारी, तुझीच,
सुषमा