अप्रगत मुलांचा तक्ता

१५ जून १९९८, सोमवार
आजपासून रोजनिशी. मुख्याध्यापक झालो की माणसानं लिहून ठेवावं. भूकंपानंतर वसवलेलं गाव, पक्की शाळा, पहिली ते सातवी. पट १४३. मुली ६८, मुस्लीम ३७, मजुरांची लेकरं निम्म्याहून जास्त. आकडे तोंडपाठ. संकल्प: यंदा तपासणीत ‘अ’ श्रेणी. मागच्या वर्षी ‘क’ आली, पण तेव्हा मी नवीन होतो. (सात महिने झाले होते. ते धरत नाही.) चौथी स्वतःकडं घेतली.

४ जुलै
लातूरला मेहुण्याकडं जाऊन आलो. गल्लोगल्ली क्लासेस. दर रविवारी टेस्ट, मार्कांप्रमाणं बसायची जागा. आपल्याकडं हेच पाहिजे.

१३ जुलै
काल पहिली टेस्ट झाली. हुशार बारा पुढं, बाकीचे एकोणीस मागं. तिसरीच्या महानंदा मॅडम म्हणाल्या, सर, उमैमाला मागं का बसवलं? माझ्याकडं होती तेव्हा चांगलं वाचायची. मी म्हणालो, टेस्टला गैरहजर, म्हणजे शून्य. नियम सगळ्यांना सारखा.

३० ऑगस्ट, रविवार
आजची टेस्ट रद्द. सायकल पंक्चर. मागच्या रविवारी पाहुणे होते. त्याच्या आधी पोटाची तक्रार. पहिल्या टेस्टचे मार्क आहेतच, तेवढ्यावर भागतं.

३० सप्टेंबर
भूकंपाला पाच वर्षं झाली. सकाळी शाळेत दोन मिनिटं मौन. सुलतानबी फाटकाशी उभी होती. उमैमाची आजी, गावोगाव बांगड्या भरत फिरते. त्या पहाटे तिचा लेक आणि सून दोघं गेले. पोर चार वर्षांची होती. म्हणाली, सर, अभ्यासात कशी हाय आमची? मी म्हणालो, बरी आहे. बघून सांगायला पाहिजे होतं. उद्या बघतो.

१२ डिसेंबर
वरून पत्र: अप्रगत विद्यार्थ्यांचा तक्ता, कारणांसह, भिंतीवर लावा. एका बैठकीत पूर्ण. एकेकाला तपासायला वेळ कुठं? मागच्या रांगा उतरवल्या. कारणं भराभर सुचली. व्यंकटी: वडील मजूर. राजकन्या: पालक ऊसतोडीला. उमैमा: भूकंपग्रस्त, आई-वडील मयत, आजी निरक्षर, घरी शिक्षणाचे वातावरण नाही. अक्षर झकास आलं. महानंदा मॅडमनी तक्ता शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाल्या, सर, कारणांत आपण कुठंच न्हाई. मी म्हणालो, नमुन्यात तसा रकाना नाही.

२० जानेवारी १९९९
उद्या तपासणी. मागच्या एकोणीस जणांना सांगितलं, उद्या तुम्हाला सुट्टी. लेकरं खूश. हजेरीत आजारी लिहायचं. एवढी थंडी आहे, कुणी ना कुणी आजारी असेलच.

२१ जानेवारी, दुपारी ४
शाळा सुटली. ऑफिसात एकटा.
सुरुवात फर्स्ट क्लास. पुढच्या बारा जणांनी धडाधड उत्तरं दिली. तपासणीचे साहेब खूश. तेवढ्यात सुलतानबी उमैमाचा हात धरून दारात. सर, एका पोरीला सुट्टी आन् दुसरीला शाळा, असं कसं? काही चुकलं का हिचं?
साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मग पोरीला आत घेतलं. म्हणाले, वाचता येतं का बाळ? समोर दिसतंय ते वाच.
समोर तक्ता होता.
वाचलं तिनं. खणखणीत, न अडखळता. व्यंकटीचं वाचलं, राजकन्याचं वाचलं. मी म्हणालो, पुरे. साहेब म्हणाले, वाचू द्या. मग स्वतःचं नाव आलं. भूकंपग्रस्त. आई-वडील मयत. आजी निरक्षर. घरी शिक्षणाचे वातावरण नाही. जोडाक्षरसुद्धा चुकलं नाही. आजी दारात ऐकत होती. तिला वाटत होतं, पोर धडा वाचतेय. निदान ‘मयत’पर्यंत.
उमैमानं विचारलं, सर, अप्रगत म्हणजे काय?
खालच्या फरशीला तडा आहे, एवढं मी बघितलं.

२२ जानेवारी
तक्ता काढला. श्रेणी ‘क’. साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. शेऱ्यात एवढंच लिहिलं: मुख्याध्यापकांनी चौथीचे वाचन एकदा स्वतः घ्यावे.

२५ जानेवारी
घेतलं. मागच्या एकोणीसपैकी अकरा जण सरळ वाचतात. जुलैपासून वाचत होते. महानंदा मॅडमना सांगितलं. त्यांनी मान डोलावली, ‘हाव’ एवढंच म्हणाल्या.
संकल्प: सुलतानबीकडं जाऊन माफी मागायची. उद्याच.

२६ जानेवारी
झेंडावंदन. गर्दी होती.

२९ जानेवारी
तिच्या दारापर्यंत गेलो. आतून बांगड्यांचा आवाज आला. कामात असेल म्हणून परतलो.

१ फेब्रुवारी, सोमवार
सुलतानबीच शाळेत आली, उमैमाला घेऊन. मी उठून उभा राहिलो. वाक्य पाठ केलेलं होतं. ती म्हणाली, सर, दाखला द्या पोरीचा. निलंग्याला मामूकडं ठेवणार हाय. मी म्हणालो, वर्ष संपू द्या. म्हणाली, न्हाई. रागावलेली नव्हती, नुसती थकलेली.
मी म्हणालो, अर्ज लागतो. वाटलं, तेवढ्या वेळात बोलता येईल. आजीनं कागद पोरीपुढं सरकवला. उमैमानं तिथंच उभ्यानं अर्ज लिहिला. मा. मुख्याध्यापक साहेब यांस. विनंती. तारीख. खाली आजीचा अंगठा.
मी दोनदा वाचला. चूक शोधत होतो, एखादा ऱ्हस्व-दीर्घ, म्हणजे समजावून सांगता आलं असतं, थोडं थांबवता आलं असतं.
एकही नव्हती. सही केली. दोघी गेल्या.
पट १४२.