घरच्या ओळीतली द्राक्षं

निकिता,

काल भरल्या ताटावरून उठलीस, ते मला अजिबात आवडलं नाही. सातव्या महिन्यात कुणी उपाशी झोपतं का? पण उठवलं मीच. सेंद्रिय द्राक्षांची महागडी पिशवी बघून शेखरसमोर तुला 'महाराणी' म्हणाले.

खरं सांगते. मोहाडीच्या आपल्या बागेत औषध फवारताना घरच्या खाण्यासाठी एक ओळ आम्ही सोडायचो. शेखरच्या वेळी मी त्याच ओळीतली द्राक्षं खाल्ली, बाकीची बाजारात गेली. हे ठाऊक असून तुला हिणवलं.

नाथाभावजी अजून ती ओळ राखतात. तिकडंच चाललेय, दुपारपर्यंत द्राक्षं घेऊन येते. यापुढं केळी, संत्री, कांदे असं जे सोलून खायचं, ते नेहमीच्या बाजारातनं आणू. मेथी, पालक, टोमॅटो तेवढे तुझ्या सेंद्रियवाल्याकडनं. एवढं झेपेल आपल्याला.

डब्यात भाकरी आहे, पिठलं गरम करून घे.

आत्ता तुझ्या दाराशी उभी राहून मोठ्यानं बोलले. तू झोपेत होतीस म्हणूनच धीर झाला: "पोरी, मी माझ्या लेकराचं बघितलं, तसं तू तुझ्या लेकराचं बघितलंस. चुकलं ते माझं."