भिंतीकडे तोंड केलेला फोटो

तीर्थरूप आईस,
इथूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे, जेवणखाण वेळेवर आहे. उद्या आमच्या कलादालनात दोन प्रदर्शनं उघडतायत, एक फोटोंचं आणि एक आदिवासी चित्रांचं. टांगायचं काम माझ्याकडे, त्यामुळे खांदे भरून आलेत, एवढंच.

आज चित्रं काढणाऱ्या आजी आल्या. स्वतःच्याच वस्तीतल्या माणसांचे फोटो बघून हसत होत्या. एका फोटोपाशी मात्र थांबल्या आणि म्हणाल्या, "हा गेला गं. आमच्यात गेलेल्याचं तोंड वर्षभर बघत नाहीत. फिरव तो." साहेब कुरकुरले, पण मी फिरवला.

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. मागच्या पाकिटात तू बाबांचा फोटो पाठवलास, चांगला मोठा करून, आणि सोबत चिठ्ठी नाही. आपल्यात फोटो मोठा कधी करतात, मला ठाऊक आहे. फोन केला की बाबा एकतर झोपलेले, नाहीतर बाहेर गेलेले. गुडघे दुखतात ना त्यांचे? मग जातात कुठे?

त्यांना एकदा फोनवर माझ्यावर ओरडायला सांग, कशावरूनही चालेल. तोवर फोटो भिंतीवर लावत नाही. उशीशी ठेवलाय, तोंड माझ्याकडे करून.

तुझी,
धाकटी