मधला गाळा

प्रिय आदिनाथ,

तुझा फोन आला तेव्हा आरोही शेजारी बसली होती, म्हणून मी नुसतं हं हं करत राहिले. सोमवारी अंबाजोगाईला ये, आधी तुझं हक्कसोडपत्र करू आणि मग विजयसिंहांना खरेदीखत देऊ, असं तू म्हणालास. बहिणी सही करतातच, असंही म्हणालास. त्याचं उत्तर मला फोनवर जमलं नसतं.

मागच्या आठवड्यात मी घाटनांदूरला आले. रस्ता रुंद झाल्यापासून आपल्या शिवारात ज्वारीपेक्षा शटरंच जास्त दिसतात. ज्याची जमीन रस्त्याला लागली त्यानं गाळे बांधले, पण एवढे भाडेकरू आणायचे कुठून? हनुमानमामांचे सगळे गाळे बंद आहेत, एकात ते कडबा ठेवतात. जमिनीचा भाव मात्र चढतोच आहे. घेणारे बाहेरचे, त्यांना पेरायचं नाही, प्लॉट पाडायचे आहेत. तू विकतोस यात मला चूक दिसत नाही. पुण्यात राहून शेती होत नसते.

दादांनी आपले तीन गाळे बांधले त्या उन्हाळ्यात भिंतींना पाणी मी मारलं होतं. तुझी बारावी होती, तुला कुणी हाक मारायची नाही असा आई-दादांचा दंडक होता. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आता वाटतं.

शेजारच्या शिवकन्याकाकूंना मी सहीचं विचारलं. भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "सही केली तर माहेर राहतं, न्हाई केली तर हिस्सा राहतो. दोन्ही कुणाला मिळालेलं मी पाह्यलं न्हाई, बाई."

तुझे दाजी गेल्यावर मी उमापूरला सासरी राबून राहिले. पण इथल्या जमिनीच्या भावाची बातमी तिथवर पोचली, आणि दीर म्हणाले, "वहिनी, पोरीला घेऊन माहेरी जा. तुमच्या जमिनीला आता सोन्याचा भाव हाय." दुसऱ्या दिवशी माझं शिलाई मशीन अंगणात काढून ठेवलेलं होतं. काकूंकडून किल्ली घेऊन मी ते मधल्या गाळ्यात लावलं. आरोही आणि मी आता इथंच राहतो. हे पत्रही इथूनच लिहिते आहे. बाकी सगळं वीक, त्या खरेदीखतावर मी सही करीन. हक्कसोडपत्रावर करणार नाही. हा गाळा माझ्या हिश्शात राहील. तू रागावशील, ते मी धरून चालले आहे. तरी एकदा ये. भाऊ म्हणून येववलं नाही, तर मोजणीला म्हणून ये.

तुझीच बहीण, आणि हिस्सेदार,
वनमाला