जवळचा आधी

सोमवार, ४ जून
नवी नोकरी, खिडकीजवळची खुर्ची आणि चहा फुकट! हरवलेल्या माणसांचं कार्यालय म्हणजे रडके चेहरे असतील असं वाटलं होतं, पण साहेब गमतीदार निघाले. म्हणाले, इथे माणसांपेक्षा माझा चष्माच जास्त हरवतो.

काम सोपं आहे. कुणी चौकशीला आलं की संगणकावर यादी उघडायची. विचारणाऱ्याच्या जो सगळ्यात जवळ, तो वर. अंतर कुठे साठवायचं नाही. बटण दाबलं की त्या क्षणी हिशेब होईल आणि तसा क्रम लागेल. सूत्र मी लिहायचं.

नोकरी धरली ती धाकट्यासाठी. शाळेतून निघालेला माझा भाऊ घरी आलाच नाही, त्याला कित्येक वर्षं झाली.

गुरुवार, ७ जून
यादी लागली. धाकटा तळाला. त्याच्या नोंदीत ठिकाणाची जागा रिकामी आहे, म्हणजे अंतर निघायलाच नको. तरी आकडा दिसतो. सूत्रात माझी चूक असणार, पण खरं सांगू? फार शोधली नाही. त्याचा आकडा बघूनच ऊर भरून आला.

मंगळवार, १२ जून
वर सरकला! बटण दाबावं तसा जवळ येतो. साहेब म्हणाले, बाई, बटण झिजेल. मी हसले आणि पुन्हा दाबलं. घरी आईने रोजच्यासारखं विचारलं, काही कळलं का गं? आज म्हटलं, येतोय. आईने त्याचंही ताट मांडलं.

शुक्रवार, १५ जून
एक वडील मुलीची चौकशी करायला आले. मी यादी उघडली. अंतर शून्य. जवळच आहे हो, असं हसून सांगितलं त्यांना. मागच्या गल्लीत सापडली. डॉक्टर म्हणाले, जीव आत्ताच गेलाय.
परवा एक बाई ज्यांना शोधत आल्या, ते आजोबाही शून्यावर आले होते. तेही असेच सापडले.

सोमवार, १८ जून
यादी उघडायची नाही. विचारलं नाही तर हिशेब नाही. मग धाकटा लांब, पण जिवंत. साहेबांना म्हटलं, बंद करा हे. ते म्हणतात, अहो, नुसतं गणित आहे. आईला काय सांगू — तुझं लेकरू लांबच राहू दे म्हणून? रडू थांबत नाही.

बुधवार, २० जून
आई इथे आली — मला न सांगता. साहेबांनी कौतुकाने माझ्या खुर्चीत बसवलं. मी ओरडले, नको विचारूस. ती म्हणाली, अगं, आई नाही विचारणार तर कोण? — आणि दाबलं.
शून्य.
दार उघडलेलं नाही. तरी आई उठली — हात पसरून. म्हणते, केवढा झालास रे, हात किती गार तुझे —
मी वर बघत नाही. लिहितेय. आवाज मोठ्या माणसाचा, पण त्याचाच. ताई, कशाला बोलावलंस, म्हणतो. मी तिकडे बरा होतो गं. माझी लेक शाळेतून आली असेल, माझी वाट बघत अस—