शूर्पणखेची वहिनी

नाशिक, सोमवार दुपार

ती. अक्का,

तुझ्या गुडघ्यांना आधी आणि मग तुला साष्टांग नमस्कार. गुडघे आता वाकतात ना? भावजींचा खोकला गेला, की अजून अख्ख्या येवल्याला उठवतो? इकडे आम्ही सगळे खुशाल. गेल्या गुरुवारी तासभर नव्हतो, त्याचीच ही हकीकत.

आमच्या हर्षालीने, म्हणजे माझ्या सुनेने, रीतसर शिकून नखं सजवायचं दुकान काढलं. फक्त नखं! केस नाहीत, भुवया नाहीत. (सरावासाठी तिने घरातलं एकही बोट सोडलं नव्हतं. ह्यांच्या पायाच्या अंगठ्यावर अजून फुलपाखरू आहे, म्हणून ते देवळातसुद्धा मोजे काढत नाहीत.) दुकानाला नाव काय द्यायचं यावर घरात चर्चा झाली. ह्यांनी लक्ष्मी, सरस्वती, अन्नपूर्णा अशा देव्या सुचवल्या. (नखांच्या दुकानाला अन्नपूर्णा! पोळीत नख निघालं म्हणजे?) हर्षालीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शूर्पणखा." ह्यांचा चहा कपातून थेट सदऱ्यावर. तिचं म्हणणं असं, की शूर्प म्हणजे सूप, आणि सुपाएवढी नखं जिची ती शूर्पणखा. "आई, सगळ्या पुराणांत नखांवरून नाव पडलेली बाई दुसरी कोण आहे? तिचं नाक इथं कापलं म्हणून तर नाशिक म्हणतात. गावाला तिचं नाक चालतं, मग माझ्या दुकानाला तिची नखं का नको?" (नऊ शिखरांवरून नाशिक म्हणणारेही आहेत, पण त्या वेळी त्यांच्यापैकी कोणी घरात नव्हतं.)

पाटी रंगवणाऱ्याने दोनदा फोन करून "सुलेखा ना?" असं विचारलं, आणि शेवटी 'ण'च्या जागी 'न' काढला. तो दुरुस्त करायला तो गुरुवारी ऐन उद्घाटनाच्या पूजेच्या वेळी शिडीवर चढला, आणि गुलाबी रंगाचा एक थेंब गुरुजींच्या टकलावर पडला. गुरुजींनी ते कुंकू समजून हात जोडले. संकल्पात दुकानाचं नाव मात्र त्यांनी हळूच "सुरेखा" म्हणून उरकलं.

इतक्यात गाळ्याचे मालक कौतिकराव हार घेऊन आले. त्यांनी पाटी वाचली आणि हार हातातच राहिला. "सीतामाईची गुंफा या गावात, आणि तुम्ही राक्षशिणीचं नाव देता? पाटी उतरवा, नाय तर गाळा रिकामा करा." पाहुण्यांचे पेढे गालातच थांबले. हे 'मी सांगितलं होतं' असा चेहरा करून उभे. हर्षालीने मान खाली घातली आणि शिडीकडे निघाली. पोरीचे डोळे भरले होते.

आता तुला तर माहीतच आहे, आपल्या अण्णांना पुराणांचं वेड. तुझ्या वाट्याला अहल्या आली, जिच्यात कसलंच कुरूपपण नाही ती. माझ्या वाट्याला मंदोदरी, म्हणजे नाजूक पोटाची. शाळेतल्या मुलींनी त्यातला 'मंद' तेवढा उचलला, आणि बाळंतपणांनंतर 'उदर' आपोआप मोठं झालं. सासरी मी मंदा झाले आणि तशीच लपून राहिले. (शेजारी मंदाकिनी समजतात. मी कधी नाही म्हटलं नाही.) पण त्या दिवशी माझं मलाच कळलं नाही, मी खुर्चीवर चढले होते.

"कौतिकराव, माझं खरं नाव मंदोदरी. शूर्पणखा माझी नणंद लागते. माझ्यादेखत तिला नावं ठेवलेली मी खपवून घेणार नाही!"

 मग एकेकाने मनात नातं जुळवलं आणि सगळ्यांच्या माना ह्यांच्याकडे वळल्या. डोक्याला फेटा, हातात पेढ्यांचं ताट. इतका बापुडवाणा रावण कोणी पाहिला नसेल. आधी फुटल्या त्या कौतिकरावांच्या सरुबाई. हसून हसून त्यांची नथ हलत होती. "अवो, तुमच्या बहिणीचं नाक कोणी कापलं असतं तर तुम्ही त्याच्याकडं हार घेऊन गेला असता का?" असं नवऱ्याला विचारून त्या खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हात पुढे केले. "पोरी, मला लालभडक लाव. लय लांब कर." मालकांनी शिडी पुढे ओढली आणि हार पाटीला घातला.

त्या आनंदात मीही नखं लावून घेतली. अक्का, काय सांगू! बटण लागत नाही, कणीक मळता येत नाही, पेन धरवत नाही. म्हणून मी सांगते आहे आणि हे लिहीत आहेत. (मध्येच हसतात. ते लिहू नका म्हटलं आहे.)

तुझी
मंदोदरी

ता. क. पत्राचं खरं कारण वेगळंच आहे. तुझ्या नातीचं बारसं जवळ आलं ना? तिला माझं नाव ठेवशील? बायको रावणाची असली म्हणून काय झालं, शहाणी होती, त्याला चांगलं सांगत होती. त्याने ऐकलं नाही हा तिचा दोष नाही. ते नाव पाळण्याजवळ, कोणी न हसता घेतलेलं, मला एकदा ऐकायचं आहे.

ता. क. दुसरा. अक्का, हा मजकूर माझा आहे, ती आत झोपली आहे. नखं कालच निघाली. तिने मला सांगितलेलं नाही आणि मीही पाहिलेलं नाही, पोळ्या अजून मीच लाटतो. नाव सुंदर आहे, जरूर ठेवा. फक्त पुढे त्या मुलीला स्थळ बघाल तेव्हा मुलाला पोळ्या येतात का, एवढं आधी विचारून घ्या. बिचाऱ्याला ऐन वेळी शिकायला लागू नये.

आपला, शेखर