नववी अट

१२ नोव्हेंबर

आले एकदाची. इथे मांस पोचवणाऱ्या ओन्द्रोने त्याच्या गाडीतून आणलं, त्यामुळे बोचक्याला अजून चरबीचा वास मारतोय. पण फुकट बसायला मिळाल्यावर नाक कशाला मुरडायचं. खोली झकास आहे. मातीची शेगडी, दोन उशा, खिडकीतून थेट डोंगर. सुनेच्या घरी मी स्वयंपाकघरातल्या बाकावर निजायचे, आणि सकाळी सहाला ती माझ्या डोक्याशी कॉफी दळायची. आता दळ म्हणावं.

मालकीण ब्रिगिता पन्नाशीची आहे, नवरा नाही, आवाज सुताराचा. लांडग्याच्या रक्ताची कुत्री पाळते आणि पिल्लं विकते. माझं काम त्यांचं अन्न शिजवणं आणि जागा झाडणं. ही वहीसुद्धा तिनेच दिली. कोण जेवलं, कोण नाही, कोणाला जुलाब, रोज लिहायचं म्हणे. मी म्हटलं, बाई, मी चार इयत्ता शिकले, त्याही पेंगत. तर म्हणते, मावशी, कुत्र्यांना शुद्धलेखन कळत नाही, लिहा बिनधास्त. म्हणून लिहितेय, कुत्र्यांचंही आणि माझंही.

थोरली कुत्री बिस्त्रा. पिवळे डोळे, पाय सुनेपेक्षा लांब. दोन आठवड्यांची पाच पिल्लं आहेत. एका वेताची सगळी नावं एकाच अक्षरावरून ठेवायची असा यांचा रिवाज, यंदा फ. सगळ्यात लहान जो, त्याला फुझिक म्हणतात. त्याला आचळ सापडत नाही, बाटलीने पाजावं लागतं. ते माझ्या गळ्यात.

१९ नोव्हेंबर

आज गिऱ्हाइकं आली, नवराबायको, शहरातली. लांडगा हवा म्हणे, पण शांत हवा. ब्रिगिताने विचारलं, मग गालिचा का घेत नाही?

तिच्या नऊ अटी आहेत. दारावरच टांगल्यात, मी बोट ठेवून वाचल्या. कुंपण दोन मीटर वीस, वरची जाळी आत वळवलेली, खाली अर्धा मीटर जमिनीत गाडलेली. साखळी नाही, कधीच नाही. घरात दिवसभर कोणीतरी पाहिजे, कारण हा एकटा राहिला की आधी सोफा खातो आणि मग भिंत. आधी कुत्रा पाळलेला असला पाहिजे. घेण्याआधी तीनदा येऊन भेटायचं. आणखीही आहेत. शेवटची, नववी, ती सगळ्यांकडून मोठ्याने वाचून घेते: काहीही झालं तरी पिल्लू विकायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, ते याच घरी परत येणार.

आणि त्या नवांतलीच एक कापडाची. घेणाऱ्याने अंगावर आठवडाभर घातलेला, न धुतलेला कपडा आणून द्यायचा. तो पिल्लाच्या अंथरुणात ठेवतात आणि पिल्लू नेताना बरोबर देतात. ब्रिगिता म्हणते, ही जात आयुष्यात एकदाच माणूस धरते, आणि धरते ती नाकाने. कागदावर कोण मालक, ते आपल्यासाठी. त्याच्यासाठी मालक म्हणजे तो कपडा.

नवराबायको तोंड वाकडं करून गेली.

३ डिसेंबर

बिस्त्रा जेवली. पिल्लं जेवली. फुझिकला ढेकर काढावी लागते, अगदी तान्ह्या पोरासारखी. मला कुत्र्यांची माया नाही, हे इथे लिहून ठेवते. पण तो मात्र माझ्या चपलेत निजतो.

ब्रिगिता बर्फावर घसरली, घोटा मोडला. पलंगावर पडून हुकूम सोडते.

कुबिश म्हणून एक आहे. लाकूड गिरणीच्या खाली त्याचं नवं घर आहे आणि फाटकावर लोखंडी लांडग्यांची डोकी. त्याला फुझिक हवाय. ब्रिगिताला तो पसंत नाही, पण दोनदा आला, वाचून दाखव म्हटल्यावर सगळ्या अटी वाचल्या, हो हो म्हणाला. कुंपण बघायला तिला जाता येत नाही. म्हणाली, मावशी, तुम्ही जा, तुमच्या डोळ्यांवर माझा भरवसा आहे.

१० डिसेंबर

गेले. कुंपण नाही. पुढे कमरेएवढी दगडी भिंत, तिच्या बाहेरच्या अंगाला पुरुषभर खोल उतार, मागे उघडं माळरान. मी म्हटलं, अहो, हे काय, याच्यावरून माझी बकरीसुद्धा जाईल. तो हसला. आजी, जमीन गोठलीय, खांब रोवणार कसे, एप्रिलमध्ये करतो की. मग आत नेलं, आलुबुखाराची दारू दिली, डुकराचं मांस दिलं. माझ्या कोटाकडे बघत म्हणाला, या कोटातून वारा आरपार जात असेल. मेंढीच्या कातड्याचा कोट काढला, आत लोकर, नवा कोरा. म्हणे, आईसाठी घेतला होता, तिला घट्ट होतो.

मला बरोबर बसला.

ब्रिगिताच्या कागदावर लिहिलं, कुंपण चांगलं. एप्रिल काय, येतोच.

१४ डिसेंबर

कुबिशने कपडा पाठवलाच नाही. फोनवर म्हणाला, आजी, माझा घामट सदरा कुत्र्याच्या तोंडाखाली, कसला खुळेपणा! पण कपडा नाही तर पिल्लू नाही, आणि पिल्लू नाही तर कुबिश कोट परत मागणार, मग ब्रिगिता विचारणार, कोट कुठला. माझ्या म्हाताऱ्याची जुनी लोकरी बंडी मी आतून घालते, अकरा वर्षं झाली. ती काढली, ब्रिगिताला लांबूनच दाखवली. कुबिशची आली, म्हटलं. मान हलवली तिने.

अंथरुणात ठेवली. फुझिकने हुंगली, तीन वेढे घेतले आणि तोंड खुपसून निजला. चप्पल विसरला.

४ जानेवारी

फुझिक गेला. बंडीसकट. बिस्त्रा गाडीमागे कुंपणापर्यंत धावली आणि तिथेच बसली. जेवली नाही.

९ फेब्रुवारी

ओन्द्रो मांस टाकायला आला आणि टोपी काढून उभा राहिला. मी म्हटलं, काय रे, चर्चमध्ये आलास का? तर म्हणाला, म्हातारे, तुझं ते पिल्लू गेलं.

कुबिशने त्याला फाटकाशी साखळीने बांधलं होतं. सगळे घरात जेवत होते. पिल्लू लाकडांच्या ढिगावरून भिंतीवर चढलं आणि पलीकडे उडी मारली. साखळी आखूड. भर दुपारी बाराला. ओन्द्रो म्हणाला, तोंड आपल्या डोंगराकडे होतं, आणि दातांत कसली तरी जुनी बंडी.

ब्रिगिताने मला विचारलं, मावशी, कुंपण होतं ना? मी म्हटलं, होतं. काढलं असेल मेल्याने.

१० फेब्रुवारी

दुपारीच गेले गिरणीखाली. कुबिश बर्फ ओढत होता. तोंडावर थुंकले त्याच्या. तो म्हणाला, आजी, जास्त बोलाल तर ब्रिगिताला सांगेन कोट कोणी घेतला, आणि कुंपण चांगलं असं कोणाच्या अक्षरात लिहिलंय. मी वळले. पण जाताना कचऱ्याच्या डब्यातून फुझिकचा पट्टा उचलला.

आयुष्यात पुष्कळ जण मला लुबाडून गेले, मी कुणाला काही म्हटलं नाही. याला सोडणार नाही. तो पट्टा बिस्त्राच्या नाकाशी धरला. ती खूप वेळ हुंगत राहिली. मी तिच्या कानात म्हटलं, ज्याचा तो होता, त्याला सोडू नकोस. तीनदा म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं. असं कुत्रं बघत नाही.

पट्टा स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलाय. बघते, मग राग ताजा राहतो.

१३ फेब्रुवारी

मेला! कुबिश मेला!

ओन्द्रोने सकाळी सांगितलं. भिंतीच्या बाहेरच्या बाजूला लटकलेला सापडला, गळ्यात साखळी, पाय जमिनीपासून वीतभर वर. पोलिस म्हणे, बर्फ काढताना घसरला, साखळीत अडकला. बर्फात पावलं होती, पिल्लाची, एका ओळीत, लांडगा चालतो तशी. आणि शेजारून काहीतरी ओढत नेल्याची चर.

बिस्त्रा रात्रभर इथेच होती. मीच कडी लावली होती.

असो. कोबीचं सूप केलं, भरपूर सॉसेज घातलं. दोन वाट्या प्याले. इतकं छान जेवण कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

१६ फेब्रुवारी

कुंपणाबाहेर पावलं. एक ओळ आणि शेजारी चर. ब्रिगिता म्हणाली कोल्हा असेल. कोल्हा साखळी ओढत नाही.

१८ फेब्रुवारी

आज पावलं कुंपणाच्या आत. जाळी वरून आत वळलेली आहे, जमिनीत गाडलेली आहे, मी हाताने चाचपून पाहिली, कुठे भोक नाही. आणि पावलं मोठी झालीत. पिल्लू महिन्याला वाढतं. हे दोन दिवसांत.

कोट खुंटीवर होता. खालची कड कुरतडलेली, बारीक दुधाच्या दातांनी.

१९ फेब्रुवारी

ब्रिगिता प्लास्टर काढायला शहरात गेली. ओन्द्रोने नेलं. परवा येतील. जाताना म्हणाली, मावशी, तुमचा चेहरा का उतरलाय? म्हटलं, म्हातारपण. हसली. हसू दे.

कोटाची बाही चावलेली. हे दुधाचे दात नाहीत.

कोट शेगडीत घातला. पेटेना. लोकर नुसती धुमसते, आणि वास येतो — ओल्या पिल्लाचा.

२० फेब्रुवारी, सकाळ

दाराच्या पायरीवर बंडी. माझी. म्हाताऱ्याची. चोखून चोखून मऊ केलेली, गळ्याशी गोठलेलं रक्त.

बसून विचार केला. कुबिशचा कपडा नव्हताच. कुबिश फक्त कागदावर होता. महिनाभर साखळीत बसून पिल्लू कोणाची वाट बघत होतं — कोणाचा वास तोंडात धरून —

मीच म्हटलं होतं. ज्याचा तो होता, त्याला. तीनदा.

दुपार

खिळ्यावर पट्टा नाही.

निघायचं ठरवलं. बोचकं घेऊन फाटकापर्यंत गेले. फाटक साखळीने बांधलंय. बाहेरून. हाक मारली. डोंगराशिवाय ऐकायला कोण आहे. कुंपणावर चढून बघितलं — दोन मीटर वीस, वरची जाळी आत. आतलं कुणी बाहेर जाऊ नये म्हणूनच केलंय ते. चांगलं केलंय. अस्सं असतं चांगलं कुंपण.

परत आले. बिस्त्रा दाराशी उभी. शेपटी हलवतेय. माझ्यासाठी तिने कधी हलवली नाही.

तीन वाजता

बाहेर साखळी वाजते. पायऱ्यांवर — एक — थांबते — एक —

दारावर टांगलेल्या अटी दिसतात इथून. नववी. याच घरी परत येणार. आला की. सगळं नियमाने.

मी भीक मागणार नाही. दूध गरम करून ठेवलंय बाटलीत. मूर्ख म्हातारी, एवढ्या मोठ्याला बाटली —

बिस्त्राने नाकाने कडी उचलली

ब्रिगिता, तुझ्यासाठी लिहिते, लवकर लिहिते, शुद्धलेखन बघू नकोस. १० डिसेंबरचं माझं खोटं आहे. खोडते. कुंपण नव्हतं. कपडा त्याचा नव्हता. मालक म्हणून माझं नाव घाल, पिल्लू मा